व्हिडिओ गेमची दंगल : दोन पराभवांचा हिशोब

सटाण्याच्या देवमामलेदार यात्रेतली कुस्त्यांची दंगल पाहिली नाही असा माणूस बागलाण तालुक्यात शोधून सापडणार नाही. जोड कशी लावतात, इनाम कोण देतो, पंच कुणाला करतात, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगात आणखी एका प्रकारची दंगल उभी राहिली आहे. तिच्यातले मल्ल पडद्यावर असतात आणि त्यांना लढविणारे दोघे शेजारी शेजारी खुर्चीवर बसलेले असतात. या खेळांना फायटिंग गेम म्हणतात. 'स्ट्रीट फायटर', 'टेकन', 'किंग ऑफ फायटर्स' ही त्यांतली नावाजलेली नावे.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशासाठी, असे कुणी विचारील. कारण असे की, आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक हॉल रिकामा पडून आहे आणि तिथे अशी स्पर्धा भरविण्याचा बेत माझ्या पुतण्याने माझ्यापुढे मांडला आहे. मालेगाव, नाशिक, धुळे इथल्या आपल्या व्यापारी बंधूंच्या घरांतूनही असे बेत निघत असतील. अशा वेळी वडीलधारी माणसे एक तर "पोरखेळ आहे" म्हणून उडवून लावतात, नाही तर काही न विचारता पैसे देऊन मोकळी होतात. दोन्ही चूक. स्पर्धेत जागा, वेळ, वीज, पैसा आणि दुकानाचे नाव या पाच गोष्टी गुंततात. पहिल्या चार गेल्या तर पुन्हा मिळविता येतात. नावाचे तसे नसते. म्हणून या स्पर्धा कशा चालतात, हे समजून घेऊनच होकार किंवा नकार द्यावा.

पार्लरचा जुना नियम

नव्वदीच्या दशकात आपल्या गावागावांत व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली. रुपयाचे टोकन टाकायचे आणि उभ्याने खेळायचे. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे १९९३ सालच्या एका गेमचे खरे नाव पोरांपैकी कुणालाच माहीत नव्हते. त्यातल्या एका पात्राच्या नावावरून सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणत. जोडीने लढण्यासाठी १९९१ चा 'स्ट्रीट फायटर टू' होता आणि पुढे १९९७ चा 'किंग ऑफ फायटर्स' आला. हा दुसरा तर भारतभरच्या पार्लरांत इतका चालला की, त्याचे नुसते 'सत्त्याण्णव' हे नाव घेतले तरी चाळिशीतली माणसे आज हसतात.

पार्लरचा नियम एकच : जिंकेल तो राहील, हरेल तो नवे टोकन टाकील. मालकासाठी हा नियम उत्तम, कारण गल्ल्यात पैसा हरणाऱ्याकडून येतो. पण स्पर्धेला हा नियम लावला की घोटाळा होतो. हे मी स्वतः भोगले आहे.

१९९८ साली यात्रेत एका ओळखीच्या माणसाबरोबर मी दोन मशिने भाड्याने आणून मांडली होती. गर्दी वाढावी म्हणून आम्ही स्पर्धा जाहीर केली. सोळा मुले, दहा रुपये प्रवेश, हरला की बाहेर. पहिल्या फेरीतच आठ मुले बाद झाली. एकेक सामना दोन-तीन मिनिटांचा. ताहाराबादहून एस.टी.ने आलेला एक मुलगा दोन मिनिटांत हरला. त्याच्या बाजूची दांडी डावीकडे अडकत होती, हे त्याने सांगितले आणि ते खरेही होते. त्याचे चुलते पैसे परत मागायला आले. "नियम म्हणजे नियम," असे सांगून मी त्यांना परत पाठविले. त्यांच्या घरच्या लग्नांचा बस्ता आमच्या दुकानातून जात असे. त्यानंतर तो कधी आला नाही. दहा रुपये मी राखले आणि बस्ता घालविला.

तेव्हा मला वाटले, नशीब खोटे. पुढे या स्पर्धांची माहिती घेतली तेव्हा कळले की चूक नशिबाची नव्हती. मी निवडलेली पद्धत चुकीची होती आणि मशीन तपासलेले नव्हते.

दोन पराभवांची पद्धत

स्पर्धेच्या पद्धती मुख्यतः चार आहेत. पहिली नॉक-आउट, म्हणजे हरला की बाहेर. तिचा हिशोब सोपा आहे. प्रत्येक सामन्यात एक जण बाद होतो, म्हणून सोळा खेळाडूंना पंधरा सामने आणि बत्तिसांना एकतीस. वेळ कमी लागतो, पण निम्मे लोक एकच सामना खेळून घरी जातात.

दुसरी पद्धत दोन पराभवांची. जगातल्या बहुतेक फायटिंग गेम स्पर्धा हिच्यावर चालतात. एकदा हरलेला खेळाडू बाहेर जात नाही, तो दुसऱ्या बाजूला जातो. न हरलेल्यांच्या बाजूला 'विनर्स' आणि एकदा हरलेल्यांच्या बाजूला 'लूजर्स' म्हणतात. दुसऱ्यांदा हरला की मात्र बाहेर.

आठ खेळाडू धरून पाहू. पहिल्या फेरीत चार सामने होतात. जिंकलेले चार विनर्समध्ये राहतात आणि हरलेले चार लूजर्समध्ये आपसांत दोन सामने खेळतात. तिकडे विनर्सची दुसरी फेरी झाली की तिथले दोन हरलेले खाली येतात आणि लूजर्समध्ये टिकलेल्या दोघांशी भिडतात. असे वरून एकेक फेरीतले हरलेले खाली येत राहतात. शेवटी विनर्सचा एक आणि लूजर्सचा एक असे दोघे उरतात आणि त्यांचा महाअंतिम सामना होतो. इथे एक बारकावा आहे. विनर्सकडून आलेला अजून एकदाही हरलेला नसतो. म्हणून लूजर्सवाल्याने पहिला सामना जिंकला तरी स्पर्धा संपत नाही. दोघांचा एकेक पराभव झाला, पारडे समान झाले, आता पुन्हा एक सामना. याला 'रीसेट' म्हणतात.

सामने किती, हे खातेवहीच्या रीतीने काढावे. आठांपैकी सात जण बाद व्हायचे आणि प्रत्येक जण दोनदा हरून, म्हणजे चौदा पराभव. विजेता एकदा हरलेला असेल तर पंधरा. जितके पराभव तितके सामने. सोळांना तीस किंवा एकतीस, बत्तिसांना बासष्ट किंवा त्रेसष्ट. काम दुप्पट होते, पण पैसे भरून आलेल्या प्रत्येकाला निदान दोन सामने मिळतात.

ही कल्पना आपल्या कुस्तीला परकी नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीत रेपेचाज नावाची सोय आहे. ज्याच्याकडून मल्ल हरला तो अंतिम फेरीत पोहोचला, तर हरलेल्याला ब्राँझपदकासाठी पुन्हा संधी मिळते. लंडनला २०१२ साली योगेश्वर दत्तने आणि रिओला २०१६ साली साक्षी मलिकने पदक मिळविले ते याच वाटेने. नॉक-आउट असते तर दोघेही पदकाविना परतले असते.

व्हिडिओ गेमच्या दुनियेतला सर्वांत गाजलेला सामनाही असाच आहे. अमेरिकेत १९९६ साली कॅलिफोर्नियात 'बॅटल बाय द बे' नावाने सुमारे चाळीस खेळाडूंची स्पर्धा सुरू झाली. २००२ पासून ती 'इव्होल्यूशन', थोडक्यात 'इव्हो', या नावाने ओळखली जाते. २००४ च्या इव्होमध्ये 'स्ट्रीट फायटर थ्री'च्या सामन्यात जपानचा डायगो उमेहारा हरण्याच्या काठावर होता. आणखी एक फटका लागला की खेळ संपला, अशी स्थिती. अमेरिकेच्या जस्टिन वाँगने एकामागून एक पंधरा फटक्यांचा मोठा डाव टाकला. डायगोने त्यातला प्रत्येक फटका अचूक क्षणी झेलला आणि उलट वार करून फेरी जिंकली. हा सामना लूजर्सचा अंतिम सामना होता. म्हणजे दोघेही त्याआधी एकेकदा हरून आले होते. डायगो पुढे महाअंतिम सामन्यात केनजी ओबाटाकडून हरला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो लूजर्सचाच सामना.

साखळी, गट आणि संघ

तिसरी पद्धत साखळीची, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना. आठ जणांना अठ्ठावीस सामने लागतात, पण बत्तिसांना चारशे शहाण्णव! म्हणून ती लहान गटांपुरतीच बरी. चार-चारांचे गट केले तर एका गटाला सहा सामने पुरतात. बुद्धिबळवाल्यांची स्विस पद्धतही कुठे कुठे वापरतात. तिच्यात कुणी बाद होत नाही, प्रत्येक फेरीत समान गुण असलेल्यांची जोड लावतात. बत्तीस जणांच्या पाच फेऱ्यांना ऐंशी सामने लागतात.

खेळाडू फार असले की आधी 'पूल', म्हणजे गट पाडतात आणि प्रत्येक गटातून थोडे पुढे घेतात. २०२३ च्या इव्होत एकट्या 'स्ट्रीट फायटर सिक्स'ला सात हजारांवर प्रवेश आले होते. दोन पराभवांच्या पद्धतीने हे कागदावर चौदा हजारांवर सामने होतात. गटांशिवाय हे तीन दिवसांत उरकणे अशक्य.

चौथी पद्धत संघांची. तीन किंवा पाच जणांचा संघ, एक हरला की त्याच संघाचा दुसरा बसतो, जिंकणारा मात्र बसून राहतो. 'सत्त्याण्णव' खेळलेल्यांना हे सांगायला नको, त्या गेममध्ये तीन मल्ल असेच एकामागून एक उतरतात.

जोड लावणे आणि तपासणी

नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर गावातले दोन सर्वांत तयार खेळाडू पहिल्याच फेरीत समोरासमोर येऊ शकतात. म्हणून आधी 'सीडिंग' करतात. पूर्वीच्या कामगिरीवरून क्रम लावायचा आणि पहिला-दुसरा वेगवेगळ्या टोकांना ठेवायचा. एका गावाहून, एका घरातून आलेल्यांची जोडही शक्यतो पहिल्या फेरीत लावायची नाही. दंगलीत आपले वस्ताद हेच डोळ्यांनी पाहून करतात. सीडिंग कुणी केले, हे फलकावर लिहावे आणि जोड सर्वांसमक्ष लावावी. संशयाला जागा राहिली की दुकानाचे नाव गेले.

अनोळखी खेळाडूला मात्र कमी लेखू नये. लाहोरच्या पार्लरांत तयार झालेला अर्सलान अ‍ॅश २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमधील फुकुओका येथे इव्हो जपान खेळायला गेला, तेव्हा बाहेरच्या जगात त्याचे नाव फार थोड्यांना माहीत होते. तो 'टेकन सेव्हन' जिंकला आणि त्याच वर्षी लास व्हेगासची मुख्य इव्होही जिंकली.

प्रत्येक सामन्यापूर्वी दोन्ही खेळाडूंना बटणे आणि दांडी तपासायला वेळ देतात. सामना एकदा सुरू झाला की तक्रार चालत नाही. माझ्या १९९८ च्या स्पर्धेत हा एवढा एक नियम असता तरी भांडण झाले नसते. आणखी काही नियम ठरलेले आहेत. खेळाडू स्वतःचा कंट्रोलर आणू शकतो. चालू खेळात ज्याच्या हातून पॉजचे बटण दाबले गेले, तो ती फेरी गमावतो. जिंकलेल्याने पुढच्या खेळात तेच पात्र ठेवायचे, हरलेला बदलू शकतो. पुकारा होऊन ठरलेल्या मिनिटांत खेळाडू आला नाही तर तो सामना हरला. आपल्याकडे आणखी एक नियम हवा, वीज गेली तर काय? झालेले खेळ कायम धरून अर्धवट राहिलेला खेळ पुन्हा घ्यावा, असे आधीच लिहून ठेवावे.

वेळेचा हिशोब

'टेकन'मध्ये साठ सेकंदांची एक फेरी असते आणि तीन फेऱ्या जिंकणारा एक खेळ जिंकतो. स्पर्धेत साधारणपणे तीन खेळांपैकी दोन जिंकणारा सामना जिंकतो आणि शेवटच्या आठांत पाचांपैकी तीन. उठणे, बसणे, तपासणी धरून एका सामन्याला दहा मिनिटे धरावीत. सोळा खेळाडूंचे एकतीस सामने म्हणजे तीनशे दहा मिनिटे. दोन संच लावले तर अडीच तासांवर थोडे. पण शेवटचे सामने एकामागून एकच होतात, तेव्हा दुसरा संच रिकामा राहतो. म्हणून साडेतीन तास धरावेत. वर जेवणाची आणि नमाजची सुट्टी. सकाळी दहाला सुरू केले तर दुपारी चारपर्यंत बक्षीस वाटून मोकळे. नॉक-आउटला याच्या निम्माही वेळ लागणार नाही, पण घाई कुणाच्या फायद्याची, हे आधी ठरवावे.

बाजूचे कार्यक्रम

माझ्या मते व्यापाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे. दोन सामने हरलेला मुलगा घरी गेला तर दुपारपर्यंत हॉल रिकामा होतो. तो थांबला तर चहावाल्याचे, वडापाववाल्याचे आणि खाली दुकानातलेही गिऱ्हाईक टिकते. मोठ्या स्पर्धा यासाठीच बाजूला बरेच काही ठेवतात.

पहिली गोष्ट, मोकळ्या खेळाचे संच. इथे गुण नाहीत, जोड नाही. नवखा मुलगा तरबेज खेळाडूकडून डाव शिकतो. खरी शागिर्दी इथेच चालते. दुसरी, नवख्यांची वेगळी स्पर्धा. आपल्या दंगलीत लहान पोरांच्या रेवड्यांवर कुस्त्या लावतात, तसेच हे. तिसरी, जुन्या गेमची स्पर्धा. 'सत्त्याण्णव' लावला तर मुलांचे वडीलही बसतील. वय आडवे येत नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत 'स्ट्रीट फायटर फाइव्ह'चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने घेतले, तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. भारताकडून तिथे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते.

चौथी मजेची. अमेरिकेत इलिनॉय राज्यातली 'काँबो ब्रेकर' ही स्पर्धा 'मिस्टरी' प्रकारासाठी प्रसिद्ध आहे. कोणता गेम खेळायचा, हे खुर्चीवर बसेपर्यंत खेळाडूला माहीत नसते. तरबेज आणि नवखा दोघेही सारखेच गोंधळतात आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. पाचवी, दोन नामवंतांची नेमलेली लढत, जो आधी दहा खेळ जिंकेल तो विजयी. ही आपल्या नेमलेल्या कुस्तीसारखी असते. शिवाय समालोचन हवे. बागलाणात ते अहिराणीत झाले तर गेम न कळणारा माणूसही उभा राहील.

सहावी गोष्ट कारागिरांच्या कामाची आहे. अशा मेळाव्यांना गेममधल्या पात्रांचे पोशाख घालून येण्याची पद्धत आहे आणि त्यांची स्पर्धाही होते. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये हे दरवर्षी पाहायला मिळते. 'स्ट्रीट फायटर'मधल्या र्यूचा पांढरा कराटे-पोशाख आणि लाल कपाळपट्टी, चुन-लीचा सोनेरी काठाचा निळा पोशाख, हे तयार दुकानात सहज मिळत नाहीत. कापड, शिलाई, जरीकाम, छपाई, सगळे लागते. मालेगावचे कापड आणि गल्लीतला शिंपी यांना हे काम येते. मागणी मोठी आहे असे मी म्हणणार नाही. पण स्पर्धेच्या दिवशी एका टेबलावर नमुने मांडायला खर्च काहीच नाही.

पैसा आणि पैज

आता नाजूक बाब. प्रवेशाचे पैसे गोळा करून तेच विजेत्याला वाटायचे, अशी रीत परदेशांत सर्रास आहे. दोन खेळाडू आपसांत रक्कम लावून खेळतात, तेही चालते. आपल्याकडे हे चालणार नाही. जुगार आपल्याकडे हराम आहेच, शिवाय महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आहे. केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता मिळाली. ई-स्पोर्ट्समध्ये प्रवेश शुल्क घेता येते, पण ते सहभागासाठी आणि व्यवस्थेच्या खर्चापुरते. कामगिरीवर बक्षीस देता येते. पैज मात्र कुठल्याच रूपात नाही.

आपली स्पर्धा एका हॉलमधली असली तरी हीच रेषा पाळावी. दोन वेगळी खाती ठेवावीत. शुल्काच्या खात्यातून वीज, चहा, भाडे, पंचांचा खर्च. बक्षीस दुकानाच्या जाहिरात खर्चातून. खर्च भागून शुल्क उरले तर किती उरले, हे फलकावर लिहावे. प्रेक्षकांत कुणी पैज लावताना दिसला तर त्याला बाहेर काढावे, मग तो कितीही जुना गिऱ्हाईक असो. करमणुकीच्या परवान्याची चौकशी स्थानिक पोलीस ठाण्यात आणि नगरपरिषदेत आधी करावी. गेम बनविणाऱ्या कंपन्यांचे सार्वजनिक स्पर्धांबाबत स्वतःचे नियम असतात, तेही वाचून घ्यावेत. बक्षिसाची रक्कम मोठी असेल तर कराचे काय, हे आपल्या सी.ए.ला विचारावे.

आमचा बेत

पुतण्याला मी होकार दिला आहे, पण अटी घालून. सोळा खेळाडू, दोन पराभवांची पद्धत, दोन संच, तिसरा मोकळ्या खेळाचा. प्रवेश पन्नास रुपये, म्हणजे आठशे जमतील, ते खर्चाला. पहिल्या तिघांना रोख इनाम आणि शर्टपीस दुकानातर्फे. प्रत्येक सामन्याआधी बटणांची तपासणी. जोड आदल्या दिवशी दुकानाच्या पायरीवर, सर्वांसमक्ष.

या एका दिवसातून नफा निघणार नाही, हे मी त्याला सांगितले आहे. सोळा मुले आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसे "इथे फसवणूक झाली नाही" असे म्हणत जिना उतरली, तर माझ्या हिशोबात तेवढे पुरे. पहिले पत्रक मी स्वतः ताहाराबादला घेऊन जाणार आहे. बस्ता परत येवो न येवो, दहा रुपयांचा जुना हिशोब चुकता करणे माझ्याकडे लागते.